तीन नंबरचं डाळिंब

सोमवारी सकाळी साडेनऊला शेडमालक कल्याणच्या नव्या मशीननं पहिलं चांगलं डाळिंब फेकून दिलं, आणि अकरा वाजेपर्यंत अशी एकतीस फेकली. मोजली माल निवडणाऱ्या कडूबाईनं. तिला मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्याचं नुकसान मोजायला कडूबाईला कधीच सांगावं लागत नसे.

शेड राहुरीच्या अलीकडं, मुळेच्या कालव्याला लागून. आसपासच्या गावांतला डाळिंबाचा माल इथं यायचा आणि चौदा बाया तो निवडायच्या. परदेशी जाणारा एक नंबर. मुंबईच्या बाजाराचा दोन नंबर. डागी, तडकलेला, तेल्या रोगाचे ठिपके पडलेला तो तीन नंबर. तीन नंबरातली चार-दोन फळं बायांनी संध्याकाळी घरी न्यावीत, उरलेला माल रसवाल्याच्या टेम्पोत घालावा, अशी रीत कल्याणचे वडील श्रीमंतअण्णा होते तेव्हापासूनची. अण्णा गेले, रीत राहिली.

या चौदाजणींची मुकादमीण मेरी. एकोणीस वर्षं बारदानावर मांडी घालून बसल्यानं तिचे गुडघे उठताना वाजायचे आणि सालीच्या रसानं काळी झालेली बोटं आता उन्हाळ्यातही उजळत नव्हती. चर्चमध्ये भाकर-द्राक्षारस घेताना ती हात थोडे पदराखाली ठेवी. कात्रीनं देठ कापताना फळ एकदा तळहातावर फिरवलं की नंबर तिच्या तोंडात असे. कसा कळतो, विचारलं तर सांगता येत नसे. तिला तिची सासू बनूबाईनं शिकवलं होतं, आणि बनूबाईनंही काही सांगितलं नव्हतं, नुसतं शेजारी बसवलं होतं.

मशीनलाही असंच शेजारी बसवलं होतं. दोन महिने प्रत्येक बाईच्या डोक्यावर एक कॅमेरा टांगलेला होता. बाई कुठलं फळ कुठल्या कॅरेटात टाकते ते तो टिपून घेई. पहिल्या दिवशी सगळ्याजणी पदर सावरून, केसांना पाणी लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी विसरल्या. मग एक दिवस कॅमेरे निघाले आणि वीस फुटी रबरी पट्टा आला. पट्ट्यावर पत्र्याची पेटी, पेटीत दिवे, पुढं तीन घसरगुंड्या. कल्याणनं बायांना सांगितलं की पहिली निवड मशीन करील, शेवटची नजर आणि पॅकिंग तुमचं, माल वाढेल, कुणी घरी जाणार नाही. बायांनी त्यातलं अर्धं खरं मानलं.

पहिला आठवडा बरा गेला. सुईच्या टोकाएवढा तेल्याचा ठिपका मशीन असा पकडी की बायांनीही माना डोलावल्या. पण सोमवारी सहादेवाचा माल आला. सहादेवाची बाग तालुक्यात नावाजलेली. एकेक फळ ओंजळीत न मावणारं, लालभडक, वर मुकुट अखंड. मशीननं त्यातली सगळ्यात देखणी निवडली आणि तीन नंबरच्या घसरगुंडीत सोडली, तेल्याच्या शेजारी.

कल्याणनं पट्टा बंद केला, पुन्हा सुरू केला, पेटीची काच धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसली, स्वतःच्या रुमालानं पुसली. तो राहुरीच्याच कृषी विद्यापीठाचा पदवीधर. पण पदवीधर माणूसही मशीन बिघडलं की आधी काचच पुसतो. शनिवारी मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस मशीनवरची निवड बघायला येणार होता. त्याला पसंत पडली तर पूर्ण हंगामाचा माल इथूनच जाणार होता, नाहीतर तो पुढं संगमनेरला जाणार होता.

दुपारी नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून मशीनवाल्यांची अश्विनी स्कूटीवरून आली. सव्वीस-सत्तावीसची पोरगी, पाठीला पिशवी, डोळ्यांखाली जागरण. संध्याकाळपर्यंत ती संगणकात डोकं घालून बसली आणि मंगळवारी सकाळी तिनं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे पत्र्याचा एक कोपरा; चौदा बाया आत मावल्या नाहीत, निम्म्या दारात राहिल्या.

अश्विनीनं समजावून सांगितलं, आणि बरं सांगितलं. या मशीनला कुणी नियम सांगितलेले नाहीत. आत आकडेमोडीचे थर आहेत, एकामागं एक. पहिल्या थराला नुसत्या कडा दिसतात, पुढच्याला ठिपके, त्याच्या पुढच्याला सालीचा पोत, मुकुटाचा आकार. शेवटचा थर म्हणतो, एक, दोन की तीन. बाईनं म्हटलेलं आणि त्यानं म्हटलेलं जुळलं नाही, की सगळे थर बाईच्या बाजूला केसभर सरकतात. असं लाखो वेळा सरकून ते शहाणे झाले. नेमकं कुठल्या थरात काय बसलं, हे तिलाही दाखवता यायचं नाही.

“मग विचारायचं कुणाला?” कल्याणनं विचारलं.

“ज्यांनी शिकवलं त्यांना.”

दारातल्या बाया थोड्या मागं सरकल्या.

मग अश्विनीनं पडद्यावर एक तक्ता काढला. निर्दोष, मोठी, अखंड मुकुटाची आणि तरी बाईनं तीन नंबरात टाकलेली, अशी फळं दोन महिन्यांत सहाशे बारा. ती जवळपास सगळी अशी, की त्यांच्यासारखं फळ शंभरात एखादंच निघतं. आणि त्या एखाद्याला बहुतेक वेळा तीन नंबर मिळालेला. मशीन काही चुकलं नव्हतं. फारच देखणं फळ असेल तर ते टाकायचं, असं ते मन लावून शिकलं होतं.

कल्याणचं लक्ष तक्त्याच्या शेवटच्या रकान्याकडं होतं. तिथं बायांचे नंबर होते. एक नंबरच्या बाईची अशी फळं चव्वेचाळीस. दोन नंबरची चव्वेचाळीस. तीनची चव्वेचाळीस. असं चौदापर्यंत, फक्त नऊ नंबरची चाळीस.

“चूक अशी सारखी वाटून होत न्हाई,” कल्याण म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. “ही ठरवून केलेली हाय. मशीन नको म्हणून बसून ठरवलं तुमी.”

त्यानं बुधवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. कुणी ठरवलं ते सांगा, नाहीतर गुरुवारी दुसऱ्या बाया आणतो, त्या मशीनला नव्यानं शिकवतील आणि त्याच कामाला राहतील. बोलताना तो मेरीकडं बघत नव्हता. लहानपणी याच शेडात तो मेरीच्या मांडीवर झोपलेला होता.

त्या संध्याकाळी फाटकाशी सगळ्यांचे डबे उघडून बघितले. मेरीच्या डब्यात अर्धी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. राखणदार वाल्मिक रोज तिला ‘राम राम मावशी’ म्हणायचा; आज तो भाकरीची घडी बोटानं उचलून खाली बघत होता, आणि त्याची बोटं स्वच्छ नव्हती.

मेरीला पडद्यावरचं पहिलं चित्र बघितल्याबरोबर कळलं होतं. ते फळ तिनं ओळखलं. देवाचं होतं.

ही रीत बनूबाईची. तीस वर्षांपूर्वी ती या शेडात आली तेव्हा तिच्या मनात आलं, की एवढ्या शेतकऱ्यांचं पीक आपल्या हातून जातं आणि देवाला त्यातलं काहीच जात नाही. तेव्हापासून प्रत्येक शेतकऱ्याच्या मालातलं सगळ्यात चांगलं एक फळ ती तीन नंबरात टाकी आणि संध्याकाळी घरी नेई. ही फळं ती बाजरीच्या भुशात ठेवी, आणि हंगामाच्या सणाला टोपली भरून चर्चमध्ये प्रथमफळ म्हणून वेदीपुढं मांडी. शेजारच्या बायांनी बघितलं. देव एकट्या ख्रिस्ती बायांचाच आहे असं कुणी ठरवलेलं नव्हतं. बघता बघता म्हसोबाचं, सटवाईचं, मारुतीचं, एकेकीचं एकेक निघू लागलं. कडूबाईच्या फळांपैकी म्हसोबानं किती बघितली आणि तिच्या नातवानं किती, ते म्हसोबालाच ठाऊक.

कॅमेरा डोक्यावर असताना कुणाला वाटलं नाही की हे लपवावं. कॅमेरा फळ बघतो असं त्यांना सांगितलं होतं. तो हात शिकतो, असं कुणी नीट सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी देवाचं काढायचं राहिलं नसतं.

घरी नवरा अब्राहाम अंगणात तोंड धूत होता. तो नागापूरला ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगच्या कारखान्यात. पाच वर्षं तपासणीच्या स्टुलावर बसून लोखंडातल्या भेगा बघायचा; दोन वर्षांपूर्वी त्या जागी कॅमेरा आला आणि अब्राहाम ग्राइंडरवर गेला. आता त्याच्या थुंकीतही लोखंडाची काळी भुकटी यायची. मेरीनं सगळं सांगितलं. तो बराच वेळ कानात बोट घालून पाणी काढत राहिला. मग म्हणाला की त्यांच्याकडं कॅमेऱ्यानं चांगलं कास्टिंग टाकलं तेव्हा कुणी कॅमेऱ्याला विचारलं नाही, शिकवणाऱ्याला विचारलं. शिकवणारा तोच होता. त्यानं तेव्हा ‘मला ठाऊक न्हाई’ म्हणून सांगितलं होतं.

“आन् खरं काय हुतं?”

“पाठ दुखायची. तीन वाजल्यानंतर जे हाताला यील ते नापास करायचो. हातात धरून बघावं लागायचं न्हाई ना.” तो टॉवेल झटकून आत गेला. दोन वर्षांत हे त्यानं बायकोला पहिल्यांदा सांगितलं.

बनूबाई चुलीपुढं तांदूळ निवडत होती. ऐकायला कमी येतं असं ती सांगे, पण सोयीचं ते सगळं ऐके. ती म्हणाली, देवाचा वाटा काढणं म्हणजे काही चोरी नव्हे, कुणाला सांगायची गरज नाही.

मेरी म्हणाली, “चोरी न्हाई, तर आत्याबाई, तीन नंबरात कामून टाकायचो आपुन? एक नंबरातनं उचलायचं हुतं, सगळ्यांदेखत.”

बनूबाईनं ताटातला एक खडा उचलला, निरखून बघितला आणि परत ताटातच टाकला.

बुधवारी सकाळी कालव्यावर धुकं होतं. बाया शेडाबाहेर उन्हाची वाट बघत उभ्या होत्या. कडूबाईचं मत स्पष्ट होतं. मशीन आंधळं आहे म्हणायचं आणि चौदाजणींनी एकच बोलायचं. नव्या बाया आणून आणून कुठून आणील, आणि आणल्या तरी त्यांना तेल्या कुठला आणि धूळ कुठली हे कळायला वर्ष जाईल. सगळ्यांना पटलं. मेरीलाही पटलं. पण फाटकातून आत जाताना वाल्मिकनं तिच्याकडं बघून मान दुसरीकडं वळवली, आणि ती तशीच ऑफिसाकडं गेली.

कल्याण फोनवर होता, संगमनेरला बाया विचारत होता. अश्विनी कोपऱ्यात चहात बिस्किट बुडवत होती. मेरी बसली नाही.

“दादा, आमी काय ठरवलेलं न्हाई. ते देवाचं हाय.”

तिनं सांगितलं. सांगताना ती मध्ये थांबली नाही. कल्याण ऐकत राहिला. हातातल्या फोनमधून संगमनेरचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत होता.

“हे आता सुचलं तुमाला रात्रीतनं?” तो म्हणाला.

“मालाची वही माझ्याकडंच हाय. शिकवनीच्या दोन महिन्यांत किती शेतकऱ्यांचा माल आला?” मेरीनं वही टेबलावर ठेवली. “चव्वेचाळीस. एका मालामागं एका बाईचं एक. आमी चौदा. चौदा चव्वेचाळं सहाशे सोळा. कडूबाई भाचीच्या साखरपुड्याला शेवगावला गेल्ती, दोन दिस. त्या दोन दिसांत चार माल आले. चार वजा.”

अश्विनीनं बिस्किट खाली ठेवलं. नऊ नंबर म्हणजे कडूबाई, हे तिनं यादीत बघितलं. मग तिनं वहीतले ते दोन दिवस बघितले आणि पडद्यावरचे ते दोन दिवस बघितले. नऊ नंबरच्या कॅमेऱ्याखाली त्या दोन दिवसांत रिकामं बारदान होतं.

“जुळतंय सर. सहाशे बारा,” ती म्हणाली, आणि खुर्चीत मागं टेकली. तिच्या वरिष्ठांनी मशीन उचलून आण असं तिला रात्री सांगितलं होतं. ते बोलणं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कल्याणनं संगमनेरचा फोन कट केला. हिशोबापुढं त्याचं कधी चालत नसे, तसं त्याच्या बापाचंही चालत नव्हतं. काल ज्या आकड्यात त्याला कारस्थान दिसलं होतं, त्याच आकड्यात आज तेरा बाया रोज कामावर आल्या आणि एक बाई साखरपुड्याला गेली, एवढंच दिसत होतं.

“माझ्या शेडातनं देवाला जातं आन् मलाच ठाऊक न्हाई,” तो म्हणाला. “मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर देवाला गेलं नसतं.”

कल्याण स्वतःला ओळखून होता. उठून त्यानं दारातून हाक मारली आणि वाल्मिकला सांगितलं की बायांचे डबे बघायचे नाहीत, आणि मेरीमावशीला चहा आण. चहा आला तेव्हा मेरीच्या लक्षात आलं की आपण अजून उभ्याच आहोत.

मग उरलं दुरुस्तीचं. सहाशे बारा चित्रांवरचा तीन नंबर पुसून एक करायचा, मग मशीननं रात्रभर पुन्हा शिकायचं. अश्विनीनं मेरीला शेजारी बसवलं आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. पहिलं चित्र आलं. लाल फळ, कडेला हिरव्या काचेच्या बांगड्या, काळी बोटं. मेरीचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं.

“काय झालं काकू?”

“देवाला दिलेलं परत कसं घ्यायचं?”

अश्विनीच्या शिकण्यात हा प्रश्न आलेला नव्हता. तिनं कल्याणकडं बघितलं. कल्याणनं छताकडं बघितलं. शेवटी मेरीनं घरी फोन लावला आणि बनूबाईला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला, त्यामुळं अख्ख्या शेडानं ऐकलं.

“फळ देवाकडं पोचलं का?” बनूबाईनं विचारलं.

“पोचलं. निम्मी चर्चच्या टोपलीत गेली, निम्मी भुशात हायेत.”

“मंग फोटू कुनाचा?”

“शेडचा.”

“मंग शेडचं शेडला देऊन टाक की. त्यात काय.” आणि फोन ठेवला.

दोन दिवस मेरी खुर्चीत बसून काम करत होती, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीत पाठ जास्त दुखते, हे तिला नव्यानं कळलं. चित्रांतल्या बांगड्यांवरून ती बाई ओळखी आणि नाव सांगे. मागं उभ्या असलेल्या बाया हसत. कडूबाईचं एक फळ बघून मेरी म्हणाली, ह्याला तर मी दोनच नंबर देईन, म्हसोबाला फसवलंस. कडूबाई म्हणाली, म्हसोबा काय कॅमेरा घेऊन बसत न्हाई.

अश्विनी मधून मधून बोलायची. अशाच थरांच्या जाळ्याला माणसाच्या छातीचे फोटो दाखवतात आणि ते क्षयाचा डाग ओळखतं. पानांवरचा रोग ओळखतं, ढगांचे फोटो बघून पावसाचा अंदाज सांगतं. तिथंही आधी कुणीतरी बसून हा डाग, हा डाग नव्हे, असं हजारो वेळा सांगितलेलं असतं. छातीच्या फोटोंना डॉक्टर बसतात.

“त्यांचीबी पाठ दुखत आसंल की तीन वाजल्यावर,” मेरी म्हणाली.

अश्विनीचा हात थांबला. तिनं वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहून घेतलं.

पुढं देवाचं काय, यावर गुरुवारी दुपारी बैठक झाली. कल्याणनं चौदावरून एकावर आणलं. एका मालामागं सगळ्या बायांचं मिळून एक फळ, तेही एक नंबरातनं, उघड, शेतकऱ्यासमोर. कडूबाईनं ते दोनवर नेलं: एक चर्चचं, एक म्हसोबाचं, बाकीच्या देवांनी आपसात बघावं. कल्याण हो म्हणाला आणि लगेच घाईनं उठला, ती तीन करायच्या आत.

शुक्रवारी सकाळी सहादेव दुसऱ्या तोड्याचा माल घेऊन आला. आपल्या मालाला मशीननं तीन नंबर दिला, हे त्याच्या कानावर गेलेलं होतं. तो टेम्पोतून उतरला तोच तोंड पाडून. पट्टा सुरू झाला. चौदाही बाया हातातलं काम सोडून घसरगुंड्यांकडं बघत राहिल्या. अश्विनी नखं खात होती. पहिलं मोठं फळ पेटीखाली गेलं. दिवे चमकले. फळ बाहेर आलं, पट्ट्यावर थोडं डुललं आणि एक नंबरात गेलं.

दुसरं गेलं. तिसरं गेलं. मध्ये एक तेल्याचं आलं, ते तीन नंबरात पडलं. विसाव्या फळाला कल्याणनं इतका मोठा श्वास सोडला की शेजारची कडूबाई दचकली. चाळिसाव्याला तो बाहेर जाऊन मुंबईच्या माणसाशी फोनवर मोठमोठ्यानं बोलू लागला, उद्या जेवायलाच या म्हणून.

पहिली शंभर फळं झाल्यावर मेरी उठली. गुडघे वाजले. ती एक नंबरच्या कॅरेटापाशी गेली. मालक दारात होता, शेतकरी समोर होता, बाया मागं. एकोणीस वर्षं तिनं नजर न टाकता, नुसत्या तळहातानं, मालातलं सगळ्यात चांगलं फळ काढलेलं होतं. आज सगळ्यांसमोर तिचा हात मोठ्या फळावरून सरकला आणि एका मध्यम फळावर थांबला. तिनं तेच उचललं.

“त्ये का?” सहादेव म्हणाला.

“बरं हाय की.”

“देवापुढं माझी लाज काढती का बाई? ठिव त्ये. त्याच्या पल्याडचं घे.”

तिनं कल्याणकडं बघितलं. कल्याणला पल्याडचं दिसत होतं. पाऊण किलोच्या आतबाहेरचं, परदेशी पेटीत वरच्या थरात बसणारं. 

“घ्या मावशी. मालाचे मालक ते हायेत.”

मेरीनं ते फळ उचललं. सहादेवानं ते तिच्या हातातून घेतलं, सदऱ्यावर पुसलं, मुकुट नीट आहे का बघितलं आणि परत तिच्या हातात दिलं. मग तो म्हसोबाचं निवडायला खाली बसला आणि कडूबाईशी त्यावरून वाद घालू लागला.

मेरी बारदानावर येऊन बसली. फळ तिनं समोर फळीवर ठेवलं, जिथून सगळ्यांना दिसेल. पट्टा खडखडत होता. अजून दहाही वाजले नव्हते आणि तिला इतकी भूक लागली होती की तिनं डबा ओढला, आणि काम सुरू असतानाच, मालकासमोर, अर्धी भाकरी मोडून तोंडात घातली.